इंग्रजी लेखन, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुले

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी माझ्याकडे शाळेच्या आठवणी मागितल्या होत्या. पत्र्याच्या पहिल्या खोल्या, विहिरीवरून आणलेले पाणी, पहिली दहावीची तुकडी हे सारे माझे सहकारी आणि माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा सरस लिहितील, अशी माझी खात्री आहे. म्हणून मंडळाची क्षमा मागून मी एका चालू प्रश्नाविषयी लिहीत आहे. आपल्या वसतिगृहातील मुलांनी इंग्रजी लेखन सुधारण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरावीत काय, आणि वापरावीत तर कोठवर, असा तो प्रश्न आहे. पालक सभेत तो दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा वेळेअभावी अर्धवट राहिला.

मी या शाळेत सव्वीस वर्षे इंग्रजी शिकवले. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन संध्याकाळी, वंदनेनंतरच्या अभ्यासवर्गाला मी येत असतो. गेल्या हिवाळ्यात नववीच्या एका मुलीने ‘माझे आईवडील’ या विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा हंगाम आटोपल्यावरच गावी परततात. पाचवीपासून ती आपल्याकडे आहे. तिचे पहिलेच वाक्य होते, ‘माय पेरेंट्स आर वन कोयता.’ ज्यांचा ऊसतोडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टोळीमध्ये नवराबायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजली जाते; एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम हंगामापूर्वी प्रत्येक कोयत्याला उचल देतो आणि ती फिटेपर्यंत त्या जोडप्याला टोळी सोडता येत नाही. ही सगळी हकिकत मुलीने आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत दीड पानात लिहिली होती. काळ चुकले होते, ‘द’ आणि ‘अ’ यांचा पत्ता नव्हता, पण हकिकत पूर्ण होती.

संगणक कक्षात तिने तो निबंध यंत्राला दिला आणि ‘दुरुस्त करा’ असे सांगितले. क्षणार्धात तो परत आला. आता तिचे आईवडील ‘विळा घेऊन शेतात कष्ट करणारे शेतकरी’ झाले होते. उचलीचे ‘आगाऊ वेतन’ झाले होते. शेवटी एक नवा परिच्छेद जोडला गेला होता, आणि त्यात चिकाटी, स्वप्ने व उज्ज्वल भविष्य यांविषयी चार गुळगुळीत वाक्ये होती. व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी तिला विचारले, “अगं, तुझे वडील शेतकरी आहेत का? तुमच्याकडे जमीन आहे?” ती म्हणाली, “नाही सर. पण इंग्रजीत असंच म्हणत असतील ना? माझंच चुकलं असेल.”

तिच्या त्या शेवटच्या वाक्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. व्याकरणातील चूक सुधारता येते. आपल्या आईवडिलांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे तेच चुकीचे असावे, असे एखाद्या मुलीला वाटू लागले, तर ते सुधारणे फार कठीण.

यंत्राने असे का केले, हे समजून घेतले पाहिजे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ही साधने अफाट लिखित मजकुरावर तयार केलेली असतात आणि एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याच्या अंदाजावर वाक्य रचतात. जे पुष्कळांनी पुष्कळदा लिहिले आहे त्याकडे त्यांचा ओढा असणार, हे ओघानेच आले. इंग्रजीत कोयत्याच्या जोडीविषयी लिहिणारे किती, आणि कष्टाळू शेतकरी बापाविषयी लिहिणारे किती? यंत्राने बहुमताचे वाक्य निवडले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतीय आणि अमेरिकन व्यक्तींना यंत्राच्या सूचना घेत इंग्रजीत लिहावयास लावले होते. त्यांचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. भारतीयांचे लेखन अमेरिकन वळणाकडे झुकले. आवडता पदार्थ आणि आवडता सण यांविषयी लिहितानाही यंत्र पिझ्झा आणि नाताळ सुचवीत होते. आपल्या संगणक कक्षात घडले ते याच जातीचे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की मग हे साधन वसतिगृहाच्या फाटकाबाहेरच ठेवा. पालक सभेत असे म्हणणारे होतेच. मी त्यांच्याशी सहमत नाही.

कारण साधे आहे. आपल्या मुलांचे इंग्रजी तपासणार कोण? माझ्या वर्गात साठ मुले असत. एका निबंधाला दहा मिनिटे धरली तरी सहाशे मिनिटे, म्हणजे दहा तास होतात. वही परत मिळेपर्यंत आठ-दहा दिवस गेलेले असत, आणि आपण काय लिहिले होते हेच मुलगा विसरलेला असे. लाल शाईच्या खुणा मोजून तो वही मिटवी. मीही बहुधा चूक खुणावून सोडून देत असे. ती का झाली, हे साठ जणांना वेगवेगळे समजावून सांगणे मला कधीच साधले नाही. याची कबुली येथे देतो. शहरातील सुखवस्तू घरातील मुलाचा निबंध मात्र आई वाचते, मामा वाचतो, शिकवणीचे शिक्षक वाचतात. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. बाबासाहेबांच्या इंग्रजीचा पायाही घरातच घातला गेला होता. लष्करी शाळेत शिक्षक राहिलेल्या रामजी सुभेदारांनी मुलाच्या इंग्रजीकडे स्वतः लक्ष पुरवले, हे चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. लिहिणाऱ्याला वाचणारा लागतो. ज्यांच्या घरात तो नाही, त्यांच्याच हातून हे साधन काढून घेणे मला न्यायाचे वाटत नाही.

शिवाय काही गोष्टी हे साधन खरोखर चांगल्या करते, विशेषतः मराठी मुलांच्या ठरावीक चुका. त्या चुका आळसातून होत नाहीत. त्या आपल्या भाषेच्या घडणीतून येतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून मुले ती गाळतात किंवा भीतीने सगळीकडे पेरतात. आपण ‘जरी गरीब होता तरी शिकला’ असे जोडीने बोलतो. म्हणून मूल ‘ऑल्दो ही वॉज पुअर, बट ही स्टडीड’ असे लिहिते आणि इंग्रजीत त्यातील एकच शब्द चालतो याचे त्याला नवल वाटते. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे निर्दोष मराठी. त्यावरून बेतलेले ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे’ मात्र इंग्रजीत चुकते, कारण तेथे ‘हॅड’ लावायला त्यानंतर घडलेली दुसरी एखादी गोष्ट लागते. एखाद्या गोष्टी‘विषयी’ चर्चा करायची म्हणून ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ येतोच. हे फरक यंत्र मुलाला मराठीतून, त्याच्याच वाक्याचा दाखला देऊन, त्याच संध्याकाळी समजावू शकते. मूल तीच शंका पाच वेळा विचारील तर पाचही वेळा उत्तर मिळते आणि शेजारचे कोणी हसत नाही. आमच्या पिढीला पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे भेटली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. तरीही दहावीपर्यंत स्वतःचा एक परिच्छेद धीटपणे लिहिणारी मुले थोडी, याचे मोठे कारण ही लाजच आहे.

अर्थात यंत्राचे स्पष्टीकरणही कधी कधी चुकते, आणि ते चुकते तेव्हाही त्याच ठाम सुरात बोलते. त्याची दुसरी खोड म्हणजे स्तुती. कोणताही खर्डा पुढे केला की आधी ‘उत्तम प्रयत्न’ असे येते. बाबासाहेबांच्या रुपयाविषयीच्या ग्रंथाला त्यांचे लंडनचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तीत आपल्याला ग्रंथातील बरीच मते मान्य नाहीत हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि तरीही ग्रंथाच्या ताजेपणाचे कौतुक केले. असा वाचक मिळणे हे लेखकाचे भाग्य. यंत्राकडून ती अपेक्षा आज तरी करू नये.

त्याच ग्रंथाची आणखी एक हकिकत आपल्या मुलांना मी नेहमी सांगतो. बाबासाहेबांनी तो प्रबंध १९२२ साली लंडन विद्यापीठाला सादर केला, तेव्हा परीक्षकांनी त्याच्या मांडणीत बदल करावयास सांगितले. बाबासाहेब तोवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले विद्वान होते. त्यांनी मुंबईत बसून प्रबंध पुन्हा लिहिला, निष्कर्ष होते तेच ठेवले, आणि १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली. यानंतर तेरा वर्षांनी लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले आणि छापलेले भाषण पाहून काही मजकूर वगळण्याची विनंती केली. तेव्हा मात्र एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे त्यांनी कळवले. परिषद रद्द झाली. ते भाषण त्यांनी १९३६ साली स्वखर्चाने प्रसिद्ध केले आणि आज ते जगभर वाचले जाते.

एकाच माणसाने एकदा सगळा प्रबंध पुन्हा लिहिला आणि एकदा स्वल्पविरामही हलू दिला नाही. मांडणीची दुरुस्ती कोणती आणि म्हणण्यातच फेरफार कोणता, हे त्यांना कळत होते. आपल्या नववीच्या मुलीला ते अजून कळत नव्हते. ते तिला शिकवणे हे आमचे काम होते, आणि आम्ही तिला आधीच यंत्रापुढे बसवले. चूक आमची होती.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. आता कोणताही निबंध प्रथम वहीत, हाताने, यंत्र जवळ नसताना लिहायचा. शब्द अडला तर मराठी शब्द देवनागरीत तसाच घालायचा आणि पुढे जायचे, थांबायचे नाही. दुसऱ्या दिवशी तो मजकूर संगणकावर उतरवायचा. उतरवताना निम्म्या चुका मुलांच्या स्वतःच्याच लक्षात येतात, असा आमचा अनुभव आहे. मग यंत्राला सांगायचे, ‘माझे लेखन पुन्हा लिहू नकोस. प्रत्येक वाक्यातील चूक दाखव आणि ती का आहे हे मराठीत सांग.’ ही सूचना आम्ही कागदावर लिहून प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवली आहे. यानंतर वहीत तीन रकाने आखायचे. माझे वाक्य, यंत्राची सूचना, आणि स्वीकारली की नाही व का. तिसरा रकाना मराठीत भरला तरी चालतो. शेवटी यंत्र बंद करून दुसरा खर्डा पुन्हा हाताने.

या रीतीला वेळ लागतो. महिन्याकाठी दोनच निबंध होतात, पूर्वी चार होत. काही पालकांना हे मागे जाणे वाटते. ‘यंत्र एका मिनिटात लिहून देते, मग मुले आठवडाभर घासतात कशाला?’ असे एका पालकाने मला सरळ विचारले. त्यांना मी तुर्कस्तानातील एका प्रयोगाची माहिती दिली. तो गणिताचा होता, तरी आपल्याला लागू पडतो. तेथील सुमारे एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी काहींना सराव करताना चॅटजीपीटीसारखे साधन मोकळेपणी वापरू दिले. सरावात त्यांनी चांगली प्रगती दाखवली; पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना ते कधीच मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षा या मुलांना १७ टक्के कमी गुण पडले. ज्या गटाच्या साधनाला थेट उत्तर न देता केवळ इशारे द्यावयास शिकवले होते, त्या गटाचे असे नुकसान बहुतांशी टळले. बोर्डाच्या परीक्षेत यंत्र नसते, मुलाखतीत नसते, कचेरीत साहेबासमोर उभे राहून दोन वाक्ये बोलायची वेळ येते तेव्हाही नसते. पालकांना हे पटले असे म्हणणार नाही. पण त्यांनी मुलाची वही मागून पाहिली, आणि तिसरा रकाना बराच वेळ वाचला.

आपले जे विद्यार्थी महाविद्यालयांत गेले आहेत, त्यांच्या दृष्टीने या वहीचा आणखी एक उपयोग आहे. एका माजी विद्यार्थ्याचा इंग्रजी प्रकल्प त्याच्या महाविद्यालयात ‘यंत्राने लिहिलेला’ ठरवला गेला. तपासणारेही एक यंत्रच होते. मुलगा मला दूरध्वनीवर सांगत होता, “सर, मी सोपं आणि बरोबर लिहिलं, हाच माझा गुन्हा झाला.” त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली असे लेखन ओळखण्याचा दावा करणारी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ अचूक ओळखले. परकी भाषा लिहिणारा माणूस मोजके, अपेक्षित शब्द वापरतो, आणि या साधनांना नेमका त्याचाच संशय येतो. खुद्द चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीने आपले असे साधन अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. तेव्हा प्राध्यापक असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की केवळ अशा आकड्यावरून कोणत्याही मुलाला दोषी ठरवू नका. आणि विद्यार्थ्यांनी आपला हाताने लिहिलेला पहिला खर्डा, त्यातील खाडाखोडीसह, जपून ठेवावा. त्या मुलाकडे तो नव्हता.

पालकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी थोडक्यात सांगतो. चॅटजीपीटी वापरण्यास तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि अठरा वर्षांखालील मुलांना पालकांची संमती लागते, अशी त्या कंपनीचीच अट आहे. शाळेने दिलेल्या संमतीपत्रावर म्हणूनच वाचून सही करावी. दुसरे म्हणजे, मुलाने त्यात आपले पूर्ण नाव, गाव, घरचे कर्ज, आजारपण असा तपशील टाकू नये. आपली मुले मोकळ्या मनाची आहेत. समोर कोणी ऐकणारे आहे असे वाटले की सगळे सांगून टाकतात.

मी या प्रश्नाला एवढे महत्त्व का देतो, असे काही मित्र विचारतात. त्यांच्या मते इंग्रजी हे साधन आहे. चालते इंग्रजी आले की झाले. परंतु आपली मुले आता राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीची आणि राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची स्वप्ने पाहू लागली आहेत. परदेशी विद्यापीठात प्रवेश मागताना ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ लिहावे लागते. मी कोण, कोठून आलो, मला हे का शिकायचे आहे, हे दोन पानांत सांगायचे असते. तेथे हजारो अर्जदार चिकाटीविषयी आणि स्वप्नांविषयी तीच गुळगुळीत वाक्ये पाठवणार. एका कोयत्याची मुलगी मजुरांच्या कायद्याचा अभ्यास करू इच्छिते, हे वाक्य त्या ढिगाऱ्यात एकटीच लिहू शकते. ते वाक्य यंत्राने पुसले आणि तिला ते कळलेही नाही, तर तिची जागा गेली, आणि जे तिने जगाला सांगायला हवे होते तेही गेले.

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहिला. पहिले वाक्य होते तेच ठेवले आणि खाली दोन वाक्यांत कोयता म्हणजे काय ते इंग्रजीत समजावले. यंत्राच्या सूचनांपैकी काळाच्या आणि उपपदांच्या बहुतेक सगळ्या तिने घेतल्या. ‘शेतकरी’ या शब्दापुढे तिसऱ्या रकान्यात तिने लिहिले आहे, ‘नाही. आम्हाला जमीन नाही.’ शेवटचा परिच्छेद तिने काढून टाकला. उचलीला इंग्रजी शब्द कोणता, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. ती म्हणते कर्ज. मी म्हणतो कर्जात माणूस बांधला जात नाही. तूर्त तिने ‘उचल’ हाच शब्द ठेवला आहे.

आता माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे. गेल्या वर्षी आपण दिलेल्या देणगीतून सहा संगणक आले, त्याबद्दल शाळा ऋणी आहे. परंतु तिसरा रकाना वाचायला माणसे कमी पडतात. आम्ही दोघे शिक्षक आणि साठ वह्या, हे जुने गणित तसेच आहे. आपल्यापैकी अनेक जण बँकेत, न्यायालयात, रुग्णालयात, परदेशांतही रोज इंग्रजीत लिहीत असतात. आठवड्यातून एक तास काढून पाच मुलांच्या पाच वह्या वाचाव्यात, एवढेच करायचे आहे. वहीच्या पानांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर पाठवण्याची व्यवस्था शाळेने केली आहे. व्याकरण तपासू नका, ते यंत्र पाहील. मुलाने जे म्हणायचे होते ते उरले आहे की नाही, तेवढे पाहा, आणि नसेल तर मराठीत दोन ओळी लिहून कळवा. ज्यांना जमेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावे. नववीच्या पहिल्या वह्या दिवाळीच्या सुटीनंतर, मुले परत आली की, पंधरवड्यात तयार होतील.